काजवे बघायला पाहुणे येतात. पण गावाने पाहुणे घ्यावेत किती?

अकोले : वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात काजव्यांचे दिवस सुरू होतात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, फार तर तीन आठवड्यांचा हा खेळ. भंडारदरा, शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात साधडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उंबर अशी झाडं काजव्यांनी लखलखून जातात. मुंबई, पुणे, नाशिकहून लोक गाड्या घेऊन येतात आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

गावाला यातून दोन पैसे मिळतात, ही गोष्ट खरी आहे. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला मे महिन्यात हातात रोकड येते. पण हंगाम संपल्यावर मागे काय राहतं, हेही बघायला पाहिजे. प्लास्टिकच्या बाटल्या, तुडवलेली बांधं, रिकामी झालेली विहीर आणि दरवर्षी कमी झाड लखलखतंय अशी म्हाताऱ्या माणसांची तक्रार.

जिल्ह्यात आणि बाहेरही अनेक शेतकरी आता कृषी पर्यटनाचा, घरगुती निवासाचा विचार करतायत. त्यांनी खोल्या किती बांधायच्या हे ठरवण्याआधी दुसरा एक आकडा काढायला हवा. आपल्या गावाला, आपल्या शेताला एका रात्री किती पाहुणे झेपतात? धंदा टिकणार की तीन वर्षांत बसणार, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं.

काजवा कशामुळे जातो?

काजवा हा भुंग्याच्या जातीतला किडा आहे. आपल्याला तो झाडावर चमकताना दिसतो ते त्याच्या आयुष्यातले शेवटचे थोडे दिवस. त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली असतो. ही अळी गोगलगायी आणि बारीक किडे खाऊन वाढते. म्हणजे काजव्याचं खरं घर झाडाखालची जमीन आहे.

चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. नर उडता उडता उजेड पाडतो, मादी गवतातून किंवा झुडपातून उत्तर देते. प्रत्येक जातीची उघडझाप वेगळी असते, त्यावरून ते आपल्या जातीचा जोडीदार ओळखतात. मोटारीचा हेडलाईट, मोबाईलची बॅटरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्या झोतात हे बोलावणं दिसतच नाही. जोडी जुळली नाही तर अंडी नाहीत आणि अंडी नाहीत तर पुढच्या हंगामात काजवे कमी.

त्यात माणसं पायवाट सोडून झाडाच्या बुंध्यापर्यंत गेली की गवतातल्या माद्या आणि ओल्या मातीतली अंडी पायाखाली येतात. उन्हाळ्यात वणवा लागला की पालापाचोळा जळतो, त्याबरोबर अळ्याही जातात. शेताच्या कडेला तणनाशक, कीटकनाशक मारलं की गोगलगायी मरतात आणि अळीचं खाणं संपतं.

यातलं बरंचसं नुकसान पाहुण्यांमुळे होतं आणि बरंचसं आपल्यामुळेही. दोन्हींवर गावाचा हात चालू शकतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभाग हंगामात रात्रीच्या गाड्यांवर वेळेची बंधनं घालतो. पण झाडाखाली कोण काय करतंय हे रोज रात्री बघायला वन विभागाकडे तेवढी माणसं नसतात. तिथे गावातलाच माणूस उभा लागतो.

आकडा काढायचा कसा?

यासाठी इंजिनिअर लागत नाही. तीन गोष्टी मोजायच्या : पाणी, संडास आणि हात.

पहिलं पाणी. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागलं असं धरू. शहरातला पाहुणा शॉवरखाली आंघोळ करतो, संडासात जास्त पाणी सोडतो. त्याला १०० लिटर धरा. एका घरात २० पाहुणे उतरले तर २,००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे दहा ड्रम. गावातल्या दहा घरांनी प्रत्येकी २० पाहुणे घेतले तर एका रात्रीला २०,००० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर एका रात्रीत संपले!

आणि हे कधी? मे महिन्याच्या शेवटी, जेव्हा याच डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यावर जातात. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस पडतो, शेजारी १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे, तरी उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. पाहुण्याच्या आंघोळीसाठी शेजारणीचा हंडा रिकामा राहिला तर गावात भांडण होणारच. म्हणून मे महिन्यातलं विहिरीचं पाणी मोजा, आधी गावाचं आणि जनावरांचं बाजूला काढा, उरेल त्याला १०० ने भागा. तो पाण्याचा आकडा.

दुसरा संडास. घरच्या पाच-सहा माणसांसाठी खणलेला शोषखड्डा २० माणसांचं पाणी झेलत नाही. भात पट्ट्यात तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डे तुंबतात आणि घाण पाणी उताराने विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जातं. खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. एका संडासावर रात्रीला सात-आठ माणसांपेक्षा जास्त भार टाकू नये. धरणाच्या काठावर तंबू ठोकून संडासाची सोय न करणं हा तर सरळ सरळ खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याशी खेळ आहे. तेच पाणी पुढे प्रवरेतून जातं.

तिसरे हात. पाहुण्याला गरम भाकरी लागते आणि ती घरातली बाईच थापते. वीस माणसांना जेवण, सकाळी चहा-नाश्ता, अंथरुणं, भांडी. मे महिन्यात एक वेळ जमून जाईल. जुलैत आवणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई रात्री २० माणसांचा स्वयंपाक करते. पावसाळी सहलींची गर्दी आणि आवणी नेमकी एकाच वेळी येते. घरात कामाला किती हात आहेत आणि त्या दिवसांत शेतीला किती लागतात, हे त्या हातांनाच विचारावं. चुलीपुढे बसणारीने "एवढेच झेपतील" म्हटलं की तो आकडा शेवटचा.

आता तिन्ही आकडे शेजारी मांडा. समजा एखाद्या वाडीला पाणी ६० पाहुण्यांचं आहे, संडास ४० जणांचे आहेत आणि हात २५ जणांपुरते आहेत. तर वाडीचा आकडा २५. सगळ्यात लहान तो खरा. पाणी आहे म्हणून ६० घेतले तर बाकीचे ३५ जण उघड्यावर जातील किंवा उपाशी राहतील, आणि परत जाऊन दहा जणांना सांगतील.

तीन आठवड्यांसाठी कर्ज काढावं का?

काही जण गर्दी बघून कर्ज काढतात, स्लॅबच्या खोल्या बांधतात. त्यांनी आधी कागदावर हिशोब मांडावा.

समजा दोन खोल्यांसाठी सहा लाखांचं कर्ज घेतलं, व्याज ११ टक्के. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज ६६,००० रुपये. काजव्यांच्या हंगामात शनिवार-रविवार धरून भरलेल्या रात्री सहा. दोन खोल्यांत आठ माणसं, म्हणजे सहा रात्रींत ४८ पाहुणे. जेवणाखाण्याचा आणि मजुरीचा खर्च जाऊन माणशी ६०० रुपये सुटले तरी हातात २८,८०० रुपये. व्याजाचं निम्मंही निघत नाही, मुद्दल तर लांबच.

मग हप्ता भरायला काय करावं लागतं? आठच्या जागी वीस माणसं घ्यावी लागतात, डीजेवाल्यांना नाही म्हणता येत नाही, दारूच्या बाटल्यांकडे दुर्लक्ष करावं लागतं. कर्ज जेवढं मोठं, तेवढं पाहुण्याला नाही म्हणायचं बळ कमी.

त्याऐवजी घरातली आहे ती खोली, पडवी, स्वच्छ अंथरूण, पंखा, चांगला संडास-न्हाणीघर एवढ्यावर सुरुवात करावी. दोन हंगाम बघावेत. पाहुणे वर्षात इतर वेळीही येतायत, परत येतायत असं दिसलं तर खोली वाढवावी. शहरातल्या माणसाला शहरासारखीच खोली हवी असती तर तो एवढ्या लांब आलाच नसता.

पैसा गावात राहतो का?

समजा दहा पाहुण्यांचे १२,००० रुपये आले. तांदूळ, कोंबड्या, दूध, भाजी, पाण्याच्या बाटल्या सगळं बाजारातून आणलं तर त्यातला मोठा हिस्सा त्याच दिवशी गावाबाहेर गेला. तेच जर काळभात आपल्या खाचरातला, नाचणी-वरई शेजारच्याची, गावठी कोंबडी आणि अंडी वाडीतल्या बायकांची, दूध गावातलं, तर एका पाहुण्याच्या जेवणातून चार-पाच घरांत पैसे जातात.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जपलेल्या देशी भाताला, वालाला, भाज्यांना चव आहे हे शहरातल्या माणसालाही जेवताना कळतं. पाहुण्याच्या ताटात पनीर वाढण्यापेक्षा पहिल्या पावसानंतर उगवणारी कुर्डूची, चाईची भाजी वाढली तर ती विकतही आणावी लागत नाही आणि तो आठवणही ठेवतो. देशी वाणाला गिऱ्हाईक मिळालं की तो वाण शेतात टिकतो.

सगळ्या गावाला वाटा मिळण्यासाठी पाळी लावणं हा जुना, सोपा उपाय आहे. अकोले तालुक्यातलंच पुरुषवाडी याचं उदाहरण. 'ग्रासरूट्स' या संस्थेबरोबर या गावाने पाहुणे घ्यायला सुरुवात केली. तिथे पाहुणे कोणा एकाच्या हॉटेलात उतरत नाहीत. जेवण, वाटाडे, मुक्काम ही कामं गावातल्या घरांमध्ये पाळीने फिरतात. रस्त्याकडेच्या मोठ्या घराला सगळं आणि आतल्या झोपडीला काही नाही, असं त्यामुळे होत नाही. ज्या घराला वाटा मिळतो ते घर काजव्यांचं झाडही तोडू देत नाही.

वेळासचं उदाहरण

काजव्यांसारखाच अंधार लागणारा आणखी एक जीव आहे, समुद्री कासव. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती अंडी उकरून नेली जायची. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि कासव महोत्सव उभा राहिला.

तिथे पाहुणे गावातल्या घरांमध्ये राहतात, घरचंच जेवण जेवतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट चालत नाही. पिल्लं सोडताना लोकांनी दोरीच्या मागे उभं राहायचं. ज्या गावात कासवाची अंडी विकली जायची, त्याच गावात अंडी राखल्यामुळे घरात पैसा येऊ लागला.

वेंगुर्ल्यातही बायकांनी असंच केलं. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कांदळवन तुटलं तर त्यांचा धंदाच बुडेल, त्यामुळे त्याची राखण त्याच करतात.

सरकारी नोंदणी

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची सुरुवात म्हटलं की बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीचं नाव निघतं. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये तिथे केंद्र सुरू केलं. १६ मे हा दिवस आता जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. धोरण आलं तेव्हा नोंदणी शुल्क २,५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण १,००० रुपये ठरलं होतं.

सातबारा, आधार, पॅन, वीज बिल, भरलेल्या शुल्काचं चलन आणि अन्न परवाना ही कागदं तयार ठेवावीत. आपल्या जिल्ह्यासाठी संचालनालयाचं विभागीय कार्यालय नाशिकला आहे. नोंदणी असली की बँकेत आणि सरकारी योजनांसाठी अर्ज करताना केंद्राचा पुरावा हातात असतो. अर्जासाठी एजंटला हजारो रुपये देण्याची गरज नाही.

अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीजवळ जमीन असेल तर बांधकामाला हात घालण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. वनजमिनीवर किंवा धरणाच्या संपादित जमिनीवर तंबू लावू नयेत. आज कोणी बोललं नाही म्हणून उद्या नोटीस येणार नाही असं नसतं.

ग्रामसभेत काय ठरवता येईल?

एका घराने नियम केले आणि शेजाऱ्याने डीजे लावला तर काजवा दोघांचाही जातो. म्हणून हे काम गावाने मिळून करायचं आहे. अकोल्याच्या पश्चिम भागातली गावं पेसा कायद्यात येतात, तिथे ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. बाकी गावांनाही ग्रामसभा आहेच. हंगामाच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच, या गोष्टी ठरवून घ्याव्यात :

– एका रात्रीत गावात जास्तीत जास्त किती पाहुणे. प्रत्येक घराचा वाटा किती. आधी फोन करून नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही.

– गाड्या गावाच्या बाहेर एकाच ठिकाणी उभ्या राहतील. तिथून पुढे पायी, गावातल्या वाटाड्याबरोबर, दहा-बारा जणांच्या गटाने.

– झाडाजवळ बॅटरी, फ्लॅश, मोबाईलचा उजेड बंद. वाटाड्याच्या बॅटरीवर लाल कागद लावलेला असावा. पायवाट सोडायची नाही, काजवे बाटलीत भरायचे नाहीत.

– दारू, स्पीकर, फटाके नाहीत. हे पैसे घेण्याआधी फोनवरच सांगायचं.

– प्लास्टिक आलं तसं परत जाईल. पिण्याचं पाणी माठातलं किंवा गाळलेलं.

– काजव्यांची झाडं मोजून गावाच्या वहीत नोंदवायची. ती तोडायची नाहीत, त्यांच्याखालचा पालापाचोळा पेटवायचा नाही.

– माणशी ठराविक रक्कम गावनिधीत. समजा माणशी ५० रुपये आणि हंगामात ४०० पाहुणे, तर २०,००० रुपये होतात. रोजी ४०० रुपयांप्रमाणे दोन माणसांची २५ दिवसांची सफाईची मजुरी त्यात निघते. हिशोब हंगाम संपल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

– पाहुण्यांचे पैसे ज्या बाईच्या हाताने स्वयंपाक होतो तिच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर.

पाहुण्याला नाही म्हटलं तर तो दुसऱ्या गावाला जाईल, ही भीती खोटी नाही. काही जण जातीलही. पण जे नियम ऐकून थांबतात ते शांत बसून काजवे बघतात, जेवणाचे पैसे न कुरकुरता देतात, जाताना दोन किलो तांदूळ विकत नेतात आणि पुढच्या वर्षी आधीच फोन करतात. त्यांच्यावर धंदा चालतो.

शेती करणाऱ्याला हे नवीन नाही. खाचरात मावतील तेवढीच रोपं लावायची असतात. जास्त दाटी केली की पीक पडतं, हे आवणी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गावात पाहुणे घेतानाही तेच माप वापरायचं आहे. यंदाचा हंगाम संपला की पाणी, संडास आणि हात यांचे तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या मार्चच्या ग्रामसभेत चर्चा तिथूनच सुरू करता येईल.